आपली शिवलीला

अवधूत केळशीकरला मॅनेजर केलं त्या दिवशी त्याला पहिली गोष्ट सांगण्यात आली ती ही, की आता कोडला हात लावायचा नाही. आयटीतली ही जुनीच रीत. चांगला स्वयंपाकी सापडला, की त्याच्या हातातली पळी काढून घ्यायची आणि त्याला मांडवाच्या दारात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला उभं करायचं. वर, ही बढती आहे असं त्यालाच सांगायचं. अवधूतला ते पटलं. पगार वाढला, बसायला काचेची खोली मिळाली, आणि पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्या त्याच्या आईला ‘आता त्याच्या हाताखाली माणसं आहेत’ असं सोसायटीत सांगता येऊ लागलं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं होतं.

माणसं हाताखाली आली, पण त्यांचं करायचं काय, हे कुणीतरी शिकवायला हवं. म्हणून कंपनीने सगळ्या नव्या मॅनेजरांना बंगळुरूबाहेर होसकोट्याच्या पुढे एका रिसॉर्टवर शिबिराला नेलं. शिकवायला आलेल्या गृहस्थांनी आयुष्यात कधी एखादा इंजिनिअर सांभाळला होता की नाही कोण जाणे, पण बोलत छान होते. मॅनेजरचं काम म्हणजे कामं वाटून देणं, माणसं घडवणं आणि त्यांच्या वाटेतले अडथळे दूर करणं, असं त्यांनी सांगितलं. चूक झाली तर ती एकट्याला बोलावून सांगा, कौतुक मात्र चारचौघांत करा. दर आठवड्याला टीममधल्या प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बसून बोला, त्याला वन-ऑन-वन म्हणतात, आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही कमीत कमी बोला. मग त्यांनी सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि एकमेकांच्या भरवशावर लॉनवर चालायला लावलं. अवधूत कारंज्यात पडला. विश्वास म्हणजे काय ते आज कळलं, असं त्याने अभिप्रायात लिहिलं.

तो मनाने वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. शिबिरातलं सगळं त्याने खरं मानलं होतं आणि ते पाळायचंही ठरवलं होतं. फक्त आपलं माणूस टीममध्ये असलं तर काय करायचं, हे तिथे कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याने स्वतःच्या बुद्धीने ठरवलं, आणि घोळ तिथेच झाला.

त्याची टीम कारखान्यांच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर करायची. कुठल्या फळीवर कुठला माल आहे, किती उरलाय, कधी मागवायचा, हे त्यातून कळायचं. टीममध्ये एक लखनौचा होता, एक कोचीची होती, वेदांत नावाचा एक चटपटीत मुलगा नागपूरचा होता, आणि शिवलीला मगदूम होती. शिवलीला सीमेवरच्या चिकोडीची. घरात मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी, आणि हिंदी इथे बंगळुरूत घरमालकिणीशी भांडताना पक्कं झालेलं. टीममध्ये सगळ्यात जुनी तीच. अवधूत आला तेव्हा सिस्टीम त्याला तिनेच समजावून दिली होती.

पहिल्या वन-ऑन-वनला अवधूतने शिबिरात शिकवलं होतं तसं इंग्रजीत विचारलं, की टीममध्ये तुला कसं वाटतं?

“बरं वाटतंय की सर,” शिवलीला म्हणाली.

अवधूतला काय आनंद झाला! दिवसभर परक्या भाषांत जीभ वळवून दमलेल्या माणसाला कुणी घरचं पिठलं वाढावं तसं झालं. तो खुर्चीत सैल होऊन बसला. “अगं, सर काय म्हणतेस? इथे सगळे नावाने हाक मारतात.”

“हो सर.”

त्याने पुन्हा काही सांगितलं नाही. खरं तर ते ‘सर’ त्याला आवडलं होतं. बाकी कुणी म्हणत नव्हतं. “बरं, तुला पुढे काय करायचंय?” त्याने विचारलं.

“मला टीम लीड व्हायचंय सर,” शिवलीलाने आढेवेढे न घेता सांगितलं. “काम तर मी करतोच आहे लीडचं. आता नाव पण पाहिजे. मागच्या मॅनेजरांनी पुढच्या खेपेला म्हणून ठेवलं, आणि ते सोडूनच गेले.”

“माझ्यावर सोड. तू आपली आहेस,” अवधूत म्हणाला.

हे तो मनापासून बोलला होता. त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोला, मुग्धाला, त्याने शिवलीलाच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली, की चिकोडीकडच्या बायका ‘करतो’, ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात. मुग्धा हसली. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा तीच नक्कल केली तेव्हा हसली नाही.

आता आपलं माणूस असण्याचे फायदे अवधूतला हळूहळू कळायला लागले. लखनौवाल्याला शनिवारी काम सांगायचं म्हणजे एक मोहीम. आधी मेल, मेलमध्ये आधी त्याच्या आजवरच्या कामाचे आभार, मग शनिवारीच का याचं कारण, मग त्याबद्दल सोमवारची सुट्टी, मग पुन्हा आभार. कोचीवालीला तर तिच्या कॅलेंडरमध्ये मोकळी जागा शोधून विचारावं लागे. आणि शिवलीलाला? काचेच्या दारातून मान बाहेर काढायची आणि म्हणायचं, “शिवलीला, तेवढं बघ गं. आपली आहेस म्हणून सांगतो.”

“बघतो की सर.”

काम वाटून झालं. शिबिरात याला डेलिगेशन म्हणाले होते. अवधूतला ते इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. बघता बघता जे काम कुणाला नको, ज्यात नाव नाही, जे जुनं, चिकट आणि कंटाळवाणं, ते सगळं शिवलीलाच्या टेबलाशी जाऊन थांबायला लागलं. मुकी बिचारी कुणी हाका. फक्त ही मुकी नव्हती, चार भाषा बोलत होती. तिला ‘हो’ म्हणायची सवय होती इतकंच.

बरं, काही चांगलं वाटून द्यायचं असलं की मात्र अवधूतचा न्याय जागा व्हायचा. सिंगापूरच्या परिषदेला एकाला पाठवायचं होतं. काम शिवलीलाचं, निबंध शिवलीलाचा, गेली कोचीवाली. “तुलाच पाठवलं असतं गं,” अवधूतने तिला सांगितलं. “पण लोक काय म्हणतील? मराठी मॅनेजरने मराठी मुलीला पाठवलं. तू समजून घेशील.”

“चालतंय की सर,” शिवलीला म्हणाली. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण ज्याने कुणी केली, त्याने बंगळुरूतला मराठी मॅनेजर पाहिलेला नव्हता. इथे दुसऱ्याचाच बाळ्या, आणि आपलं असेल ते सिंगापूर सोडून बाकी सगळीकडे जाणार.

आता कुणी म्हणेल, वेदांत नागपूरचा, म्हणजे तोही आपलाच. तर नाही. वेदांत फोनवर आईशी अस्सल वऱ्हाडीत बोलायचा, कँटीनच्या कोपऱ्यात, तोंडावर हात धरून. पण अवधूतशी त्याने कधी मराठीचा एक शब्द काढला नाही. अवधूतने एकदा “काय रे, कसा आहेस?” म्हणून पाहिलं. “ऑल गुड, अवधूत! हाऊ अबाउट यू?” असं हसतमुख उत्तर आलं. तेव्हापासून अवधूतने त्याला परक्यांत धरलं, आणि परक्यांना मिळतो तो सगळा मान त्याला मिळायला लागला. पोरगं शहाणं होतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी वेदांतने सिस्टीममध्ये एक बदल केला. नीट तपासून पाहिला नाही, कारण त्याला मित्रांबरोबर नंदी हिल्सला जायचं होतं. सोमवारी सकाळी बोम्मसंद्र्याच्या एका पंपांच्या कारखान्यात गोदाम उघडलं, तर सिस्टीम सांगत होती की गोदामात काहीच नाही. डोळ्यांसमोर माल फळ्यांवर रचलेला, आणि संगणक म्हणतोय शून्य. गेटवर ट्रक खोळंबले. गोदाम सांभाळणारा यल्लाप्पा फोनवर ओरडत होता, आणि तो फोन अर्थातच शिवलीलाला आला होता.

सकाळच्या उभ्या मीटिंगला सगळे गोल करून उभे राहिले. शिबिरात काय सांगितलं होतं ते अवधूतला चांगलं आठवत होतं: चूक एकट्याला बोलावून सांगायची. पण वेदांतला बोलायचं म्हणजे इंग्रजीत बोलायचं, आणि इंग्रजीत रागावलं की ते फार अधिकृत होतं. पोरगं मनाला लावून घेईल, नोकरी सोडून जाईल. मग अवधूतने आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत वापरली. लेकी बोले सुने लागे.

“शिवलीला,” तो सगळ्यांसमोर इंग्रजीत कडाडला, “असा बदल तपासल्याशिवाय जातोच कसा? सीनिअर माणसाचं लक्ष नको? धिस इज नॉट अक्सेप्टेबल!”

लखनौवाला आपल्या बुटांकडे बघायला लागला. सुनेचं म्हणाल, तर सुनेने काहीही लावून घेतलं नाही. वेदांत गंभीर चेहऱ्याने मान डोलावत होता. मीटिंग संपल्यावर तो शिवलीलाजवळ गेला आणि “डोन्ट वरी, होता है,” म्हणून त्याने तिलाच धीर दिला.

अवधूतने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. “वाईट नाही ना वाटलं? ते तुला नव्हतंच गं. वेदांतसाठी होतं. तू आपली, तुला बोललेलं चालतं.”

“कळलं की सर मला,” शिवलीला म्हणाली. “पण त्याला कळलं काय?”

“कळेल गं,” अवधूत म्हणाला. “चल, आपण दोघं बोम्मसंद्र्याला जाऊन येऊ. तुला कन्नड येतं.”

बोम्मसंद्र्याला जाऊन अवधूतने समन्वय केला. समन्वय म्हणजे त्याने यल्लाप्पाच्या ऑफिसात पंख्याखाली बसून स्टीलच्या पेल्यातली कॉफी घेतली आणि आपल्या वरिष्ठांना, त्रिविक्रम यांना, ‘टीम इज ऑन इट’ असा निरोप पाठवला. टीम गोदामात फळ्यांच्या मधल्या धुळीत, खोक्यावर लॅपटॉप ठेवून बसली होती. टीमने आधी यल्लाप्पाला कन्नडमध्ये शांत केलं, ट्रकवाल्यांना स्वल्प थांबा म्हणून पाणी पाठवलं, मग बदल उलटा फिरवला, आणि मग निम्म्या फळ्यांवरचा माल स्वतः उभं राहून ताडून पाहिला. दुपार कलायच्या आत सगळं जागेवर आलं. “सरी, मेडम,” यल्लाप्पा म्हणाला, म्हणजे आता ठीक आहे, आणि त्याने पुन्हा कॉफी मागवली. ती अवधूतलाही मिळाली.

परतताना सिल्क बोर्डच्या चौकात गाडी अडकली. तिथे गाडी अडकली की माणसं मनातलं बोलून टाकतात, कारण दुसरं करण्यासारखं काही नसतं.

“सर, पुढच्या आठवड्यात नावं जाणार आहेत ना लीडसाठी?” शिवलीलाने विचारलं.

“हो. आपल्या फ्लोअरला एकच जागा आहे.”

“ह्या खेपेला माझं नाव घाला सर.” ती खिडकीबाहेर बघत नव्हती, सरळ त्याच्याकडे बघत होती. “नागराज सर त्यांच्या टीमला बोलवलेत मला. दोनदा विचारले. मी नको म्हणालो, आमचे सर आहेत म्हणालो. पण असं किती दिवस? माझ्यामागून आलेली पोरं लीड झाली. घरी विचारतात, मी काय सांगतोय त्यांना? चुकतंय काय माझं, ते तरी सांगा.”

अवधूतला गलबलून आलं. खरंच आलं. नागराज हा शेजारच्या टीमचा मॅनेजर, आणि आपल्यासाठी हिने त्याला नाही म्हटलं! “काही चुकत नाही तुझं. या वेळी तुझंच नाव. शब्द दिला,” तो म्हणाला. आणि तो शब्द त्याने खरंच पाळायचा ठरवला होता, निदान गाडी सुटेपर्यंत तरी.

पुढच्या आठवड्यात सगळे मॅनेजर मोठ्या खोलीत जमले. त्रिविक्रम टेबलाच्या टोकाला बसले होते. हे म्हैसूरचे, पोटात एक आणि ओठांवर विनोद असणारे गृहस्थ. येणाऱ्या प्रत्येकाची थट्टा करायची ही त्यांची पद्धत होती. नागराज हासनचा, म्हणून तो आत आला तेव्हा “या, हासन संस्थान,” झालं. अवधूत आत आला तसे म्हणाले, “वेलकम, महाराष्ट्र मंडळ! तुझं आणि शिवलीलाचं कॉफीच्या मशीनपाशी रोज काय चाललेलं असतं, एक अक्षर कळत नाही बघ.”

सगळे हसले. अवधूतही हसला, आणि हसता हसता थांबला. झालं! म्हणजे सगळ्यांच्या लक्षात आलंय. आता आपण शिवलीलाचं नाव घेतलं की इथला प्रत्येक जण मनात म्हणणार, बघा, आपलीला आणली पुढे. हासनच्या संस्थानिकाला याच थट्टेचं काही वाटलं नव्हतं, तो बिस्किट खात होता, हे अवधूतला दिसलं नाही. त्याला फक्त स्वतःचा निःपक्षपातीपणा धोक्यात आलेला दिसला.

त्याची पाळी आली.

“वेदांत,” तो म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच जरा आश्चर्य वाटलं. पण तोंडातून गेलेला शब्द मागे घेता येत नाही. मग त्याने वेदांतची बाजू मांडायला सुरुवात केली, आणि मांडता मांडता ती त्याला पटायलाही लागली. वेदांत मीटिंगमध्ये बोलतो. वेदांत वरच्या लोकांना सुंदर स्लाइड करून दाखवतो. वेदांत संकटात डगमगत नाही. हे तर खरंच होतं. संकट आलं तेव्हा तो नंदी हिल्सहून नुकताच ताजातवाना होऊन आला होता.

“शिवलीला नाही?” नागराजने बिस्किट खाली ठेवलं. “बोम्मसंद्रा ती एकटी सांभाळते ना?”

इथे अवधूतला गप्प बसता आलं असतं. पण आपण आपल्या माणसाच्या बाजूचे नाही, हे नुसतं असून चालत नाही, दिसावंही लागतं. “शिवलीला मेहनती आहे,” तो इंग्रजीत म्हणाला. “व्हेरी सिन्सिअर. पण तिने कम्युनिकेशनवर काम करायला हवं.”

“यल्लाप्पा फक्त तिचाच फोन उचलतो,” नागराज म्हणाला.

“ते कन्नडमध्ये,” अवधूत म्हणाला.

“कन्नडलाही कम्युनिकेशन म्हणतात असं मी ऐकलंय,” त्रिविक्रम सावकाश म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही. “तुझी टीम, तुझा निर्णय. पण मला वाटलं होतं तू शिवलीलाचंच नाव आणशील. मी तर हो म्हणायच्या तयारीने आलो होतो.”

अजूनही वेळ होती. ‘मी चुकलो, शिवलीलाच,’ एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण मॅनेजरने एकदा घेतलेल्या निर्णयावर ठाम राहावं, हे होसकोट्याच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी जेवणानंतर शिकवलं होतं, आणि सगळं शिबिर विसरून अवधूतला नेमकं तेवढंच आठवलं. वेदांत लीड झाला.

त्याच संध्याकाळी अवधूतने वेदांतला बोलावून चांगली बातमी दिली आणि “मी तुझ्यासाठी भांडलो,” असंही सांगितलं. हे त्याला सांगायची काय गरज होती? पण माणूस घडवायचा म्हणजे त्याला आपण घडवतोय हे कळायला नको का!

घरी, राजाजीनगरला, मुग्धा भाजी निवडत बसली होती. ती तिथल्याच एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांच्या आखडलेल्या माना सोडवायची आणि घरी येऊन अवधूतची ताठ मान बघायची. त्याने तिला सगळं सांगितलं. सांगताना आवाजात थोडा त्यागाचा सूर होता. आपल्या माणसाला दूर ठेवणं सोपं नसतं, वगैरे.

“म्हणजे तिचा गुन्हा काय झाला?” मुग्धाने विचारलं. “तुझ्याशी मराठी बोलली हा?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

अवधूतने टीव्ही लावला.

“घरीही तू हेच करतोस,” मुग्धा भाजीकडे बघतच म्हणाली. “तुझे मित्र जेवायला आले की त्यांना आग्रह करकरून वाढतोस. मी ताट घेतलं की म्हणतोस, तू काय, घरचीच आहेस, मागून बस. मागून भांड्यात काय असतं ते कधी बघितलंस?”

अवधूतने टीव्हीचा आवाज वाढवला. पण त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही, हेही खरं. आपण शब्द मोडला, हे त्याला कळत होतं. फक्त त्याला खात्री होती की शिवलीला समजून घेईल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावले तरी बोंब कुणापुढे मारणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवलीला वन-ऑन-वनला आली. बाहेर वेदांतने आणलेल्या म्हैसूरपाकाभोवती सगळे जमले होते, आणि त्याचा मोठ्याने बोलण्याचा आवाज काचेतूनही येत होता. अवधूतने दार लावलं, चेहरा पाडला आणि घरच्या आवाजात सुरुवात केली.

“बस गं. काय सांगू तुला? या खेपेला नाही झालं. खूप प्रयत्न केला मी. वरच्यांनी ऐकलं नाही.”

शिवलीला खुर्ची ओढून बसली.

“पुढच्या खेपेला मात्र तूच. लिहून घे माझ्याकडून. आणि हे बघ, वेदांतला बोम्मसंद्र्याचं काहीच माहीत नाही. तेवढं त्याला तू शिकव. सोमवारी त्याला घेऊन जा, यल्लाप्पाशी ओळख करून दे. आपली आहेस म्हणून सांगतो.”

“अवधूत,” शिवलीला म्हणाली.

त्याने चमकून वर पाहिलं. ‘सर’ नव्हतं. पुढचं सगळं ती इंग्रजीत बोलली. तिने काल रात्रीच नागराजच्या टीममध्ये बदली मागितली होती. नागराजने होकार दिला होता, त्रिविक्रम यांची हरकत नव्हती, आता फक्त अवधूतची मंजुरी राहिली होती. हातातली कामं कुणाकडे द्यायची ते तिने ठरवून ठेवलं होतं आणि बोम्मसंद्र्याचं सगळं नव्या लीडकडे जाईल असंही सांगितलं. आणि वेदांतने काल सगळ्यांना सांगितलं होतं की अवधूत त्याच्यासाठी किती भांडला, तेव्हा वरच्यांविषयी बोलायची गरज नाही. सावकाश, स्वच्छ, एकाही वाक्यात न अडखळता ती हे बोलली. कम्युनिकेशनमध्ये कुठे काही कमी नव्हतं.

आधी अवधूतला डोळ्यांसमोर बोम्मसंद्रा दिसलं, मग शनिवार दिसले, मग ते सगळं जुनं, चिकट काम दिसलं, जे आता मेल लिहून, आभार मानून, कारण देऊन कुणाकुणाच्या गळ्यात बांधावं लागणार होतं. आणि त्या सगळ्याच्या मागून, उशिरा का होईना, त्याला लाज वाटली.

“अगं, पण इंग्रजीत काय बोलतेस?” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “इथे कोण आहे ऐकायला? मराठीत बोल ना. आपल्यात असं काय करतेस?”

“बोलतो की,” शिवलीला म्हणाली. आवाज चढला नाही. “तुम्ही मला आपली म्हणालात सर, म्हणून मी घरातल्यागत राबलो. का म्हणून कधी विचारलो नाही. चारचौघांत बोललात, ऐकून घेतलो. वेदांतला तुम्ही परका समजता. त्याला काम विचारून देता, चूक पोटात घालता, आणि आता लीड पण केलात. मग मला पण परकी करा की. परक्यांना लई चांगलं वागवता तुम्ही.”

अवधूतला सुचलं ते सगळं ‘अगं’ने सुरू होत होतं, आणि आता तिला अगं म्हणायचा धीर होत नव्हता.

तिने टेबलावरचा त्याचा लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. तिच्या अर्जाखाली मंजुरीचं बटण समोरच होतं. अडवणं त्याच्या हातात होतं. थोडे दिवस, काहीतरी निमित्त काढून, अडवता आलं असतं. तो त्या बटणाकडे बघत बसला, आणि शिवलीला, घाई न करता, त्याच्याकडे. शेवटी त्याने ते दाबलं. मॅनेजर झाल्यापासून तिच्या वाटेतला दूर केलेला हा त्याचा पहिला अडथळा, आणि तो अडथळा तोच होता.

“थँक्यू, अवधूत,” ती म्हणाली आणि दार हळूच ओढून घेऊन गेली. इतक्या दिवसांत तिने त्याला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं. त्यानेही तिला नाही.